बसपुरता मुलगा

तंजावूरच्या नव्या स्टँडवर कुंभकोणमची बस अजून वळतच होती, तोवर पळनियम्माळनं पुढं धावत जाऊन आपली वायरची टोपली खिडकीतून आत टाकली. टोपलीत पाण्याची बाटली, पानात बांधलेला लिंबूभात आणि चष्म्याची डबी होती. ते सगळं सीटवर पडलं की खाली, हे बघायला ती थांबली नाही. बासष्टाव्या वर्षी साडीचा काठ एका हातानं उचलून ती दारातल्या गर्दीत घुसली आणि आतून सुनेला हाक मारली.

"तेनमोळी, ये सावकाश. जागा आपली आहे."

तेनमोळी सावकाशच येत होती. पाठीवरची सॅक तिच्या मापाची नव्हती. पट्टे आखडून शेवटपर्यंत आणले तरी ती कमरेखाली लोंबायची आणि बसच्या दारात दर वेळी अडकायची. सॅक कदिरवनची होती. दोन दिवस सुट्टी मिळाली की तो ती पाठीवर टाकायचा आणि सरकारी बसनं कुठं तरी निघून जायचा. रेल्वेनं गेलं की गावं मागनं दिसतात, बसनं गेलं की पुढनं, असं म्हणायचा. चोळ राजांची तिन्ही मोठी देवळं तुला बसनंच दाखवीन, असं त्यानं आईला कबूल केलं होतं. मग अडीच वर्षांपूर्वी त्याला कावीळ झाली, ती काही उतरली नाही, आणि एकतिसाव्या वर्षी तो गेला. सॅक कपाटावर पडून राहिली.

आता तिच्यात दोघींचे कपडे होते. तेनमोळीच्या मनात मात्र कपड्यांपेक्षा जड असं एक वाक्य होतं, आणि ते ती दिंडुक्कलपासून वागवत आली होती. वीज मंडळाच्या ऑफिसात पूर्वी तिच्या शेजारच्या टेबलावर बसणारा अन्बरसन आता कोइमतूरला होता. त्यानं तिला लग्नाचं विचारलं होतं आणि तिला हो म्हणायचं होतं. बापाला तिनं सांगितलं. बाप म्हणाला, "माझी ना नाही. पण आत्याला तूच सांग. माझी जीभ उचलायची नाही."

पळनियम्माळ त्याची थोरली बहीण. तिच्या मुलाला त्यानं आपली मुलगी दिली ती रिवाजाप्रमाणे, हक्कानं. त्यामुळे आत्या होती तीच सासू झाली, आणि तेनमोळीनं लग्नानंतरही तिला आत्याच म्हणायचं सोडलं नाही. कदिरवन गेल्यावरही ती तिच्याजवळच राहिली. त्या घरात, भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोखाली बसून, "आत्या, मी लग्न करतेय" हे म्हणणं तिला जमेना. म्हणून तिनं ही टूम काढली. चल, तीन देवळं बघून येऊ, त्याचं राहिलेलं. वाटेत कुठं तरी, परक्या गावात सांगता येईल. आत्या ऐकता क्षणी तयार झाली, इतकी चटकन की तेनमोळीच जराशी गडबडली. तंजावूरचं देऊळ काल बघून झालं होतं.

कंडक्टरनं शिट्टी फुंकली आणि बस हलली. तिघींच्या सीटवर कडेला एक शेतकरीण बसली होती, पायाशी खताची रिकामी पोती. स्टँड ओलांडायच्या आत तिनं चौकशीला सुरुवात केली.

"कुठून आलात?"

"दिंडुक्कल."

"ही लेक?"

"सून."

"मुलगा नाही आला?"

आत्यानं पदर सारखा केला.

"त्याला कुठली सुट्टी. मेट्टूरच्या धरणावर इंजिनियर आहे. पाणी सोडायचे दिवस आले की घर म्हणजे काय हे विसरतो."

"म्हणजे आमच्या शेतात पाणी येतं ते त्याच्याच हातनं म्हणायचं."

"त्याच्याच. काही गाऱ्हाणं असलं तर सांगा, कानावर घालते."

"मागच्या साली उशिरा सोडलं म्हणावं. रोपं पिवळी पडली आमची."

"बोलते त्याला. लहानपणापासून आळशीच आहे मेला."

दोघी हसल्या. शेतकरीण तर इतकी खूश झाली की उतरताना तिनं टोपलीत दोन वांगी टाकली. खरा कदिरवन दिंडुक्कलच्या एका खासगी शाळेत भूगोल शिकवायचा, आणि धरणाचा त्याचा संबंध फळ्यावर नकाशा काढण्यापुरता होता.

हे सुरू झालं तिरुच्चीच्या बसमध्ये. तिथं शेजारणीनं असंच विचारलं आणि आत्या म्हणून गेली, "येतोय मागच्या गाडीनं." तेनमोळीला वाटलं, जीभ घसरली असेल बिचारीची. पण पुढच्या बसमध्ये तो सिंगापूरला होता आणि दर रविवारी फोन करत होता. आज सकाळी तर आत्यानं स्टँडबाहेर हातभर मोगरा घेतला, सुनेला खाली बसवलं आणि तिच्या वेणीत माळला. अडीच वर्षांत तेनमोळीनं केसात फूल घातलं नव्हतं.

"आत्या, कुणी बघेल."

"गावाबाहेर आपल्याला कोण ओळखतंय? असू दे."

तेनमोळीनं तो गजरा राहू दिला. दिवसभर त्याचा वास येत राहिला, आणि आपण हे आत्याच्या सुखासाठी करतोय की आपल्याही मनात आहे, हे तिला ठरवता येईना.

कुंभकोणमला लॉजवर सॅक टाकून दोघी दुपारी गावातल्या बसनं दारासुरमला गेल्या. देवळात गर्दी नव्हती. दगडी रथासारखा कोरलेला मंडप होता, त्याच्या चाकाजवळ सावलीत दोघी टेकल्या. आत्यानं पदराच्या टोकानं चाकाचा एक आरा पुसला, मग दुसरा.

"एवढं घडवायचं आणि पुसायला कुणी ठेवायचं नाही," ती म्हणाली.

तेनमोळीचा फोन थरथरला. अन्बरसनचं नाव दिसलं. तिनं फोन ओढणीखाली दाबून बंद केला.

"घे की. ऑफिसचा असेल."

"नंतर करते." मग तिनं एकदम धीर केला. "आत्या, मला तुला एक सांगायचं होतं."

आत्या तिसरा आरा पुसत होती. तिचा हात थांबला नाही.

"देवळात बसून घरचं बोलू नये, पोरी. बाहेर गेल्यावर सांग."

बाहेर गेल्यावर आत्याला कॉफी हवी झाली. कॉफी आली तेव्हा ती म्हणाली, "गरम आहे तोवर पी. बोलणं काय पळून जातंय?" कॉफी संपेतो तिचे पाय दुखायला लागले. लॉजवर आल्यावर तेनमोळीनं तिचे पाय चेपले आणि चेपता चेपता पुन्हा तोंड उघडलं, तर आत्या भिंतीकडे तोंड करून झोपली होती. तेनमोळीला तिचा थोडा रागही आला आणि सुटल्यासारखंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेणीत पुन्हा ताजा गजरा, आणि मग गंगैकोंडचोळपुरम. बसमधून उतरलं की रस्त्यालगतच देऊळ, भोवती हिरवळ, आणि मधून सरळ वर गेलेलं शिखर. आत्या फाटकाशीच उभी राहिली. मान मागं टाकून बराच वेळ वर बघत होती.

"तिसरं झालं," ती म्हणाली. "तीन म्हणाला होता. झाली तिन्ही."

प्रदक्षिणा करून त्या कडुनिंबाखाली बसल्या. शेजारी चटई टाकून एक बाई नातीला इडली भरवत होती. नात तोंड फिरवायची, बाई तिच्या मागं घास फिरवायची. आत्यानं थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "साखर लावा वरून. खाईल."

"साखरेची चटक लागते हो. तुमच्याकडं आहेत का नातवंडं?"

"आहे एक. नातच. चार वर्षांची होईल आता."

"आणली नाही बरोबर?"

"बापाजवळ ठेवलीय. त्याच्याच वळणावर गेलीय, पाय घरात ठरत नाही तिचा. चप्पल घालून दारात उभी असते."

तेनमोळी उठली आणि हिरवळीवरून सरळ चालायला लागली. साडेचार वर्षांपूर्वी तिसऱ्या महिन्यात तिचं पोटातलं गेलं होतं. घरात त्याचा उच्चार पुन्हा कुणी केला नाही, कदिरवननंसुद्धा नाही. आत्या त्याचं वय धरून होती हे तिला आज कळलं.

देवळाच्या आवारातल्या विहिरीच्या कठड्याशी आत्यानं तिला गाठलं. तिला धाप लागली होती.

"पुरे कर आत्या आता," तेनमोळी म्हणाली. आवाज चढू नये म्हणून तिनं दात आवळले होते. "मुलगा झाला, आता नात. उद्या काय सांगशील?"

"चुकलं. ते नको होतं बोलायला."

"आणि कशाला हे सगळं? कोण लागतात त्या बायका आपल्या?"

"कुणी नाहीत, म्हणून तर." आत्यानं कठड्याला पाठ टेकली. "दिंडुक्कलमध्ये मला कुणी विचारतं का, मुलगा काय करतो म्हणून? सगळ्यांना माहीत आहे. मी दिसले की बाजारातल्या बायका आपापल्या पोरांची नावं घ्यायच्या थांबतात. मला बरं वाटावं म्हणून भाजीचे भाव सांगतात. अडीच वर्षं मी भाजीचे भाव ऐकतेय, तेनमोळी. मी कुणाची तरी आई आहे हे मला कुणी विचारत नाही."

तेनमोळी तिच्या शेजारी कठड्याला टेकली.

"बसमध्ये विचारतात," आत्या म्हणाली. "माहीत नसतं त्यांना, म्हणून विचारतात. बसपुरता असतो तो. खाली उतरलं की नसतो, हे काय मला कळत नाही? माझं डोकं फिरलेलं नाही."

तिनं पदरानं तोंड पुसलं, नाकही पुसलं आणि फाटकाकडे चालायला लागली. तेनमोळीला भरून आलं. तिला वाटलं, आपण गेलो तर हिला सूनही राहणार नाही. मग कुणाच्या बाजूला बसून ही मुलाच्या गोष्टी सांगेल? एकटी बाई बसमध्ये मुलगा मुलगा करायला लागली तर माणसं उठून दुसरीकडं बसतील.

नाक्यावर चहाची टपरी होती. रात्रीचा मुक्काम चिदंबरमला होता, तिकडची बस यायला वेळ होता. आत्या बाकावर पाठ करून बसली, आणि तेनमोळीनं चार पावलं लांब जाऊन अन्बरसनला फोन लावला.

"सांगितलंस?" त्यानं विचारलं.

"नाही. सांगणारही नाही."

"म्हणजे?"

"मला नाही जमायचं, अन्बु. तिला सोडून नाही जमायचं मला. तू थांब असंही मी म्हणत नाही."

"घाई नाही माझी. वर्ष घे हवं तर."

"वर्षानं काय होणार आहे? तिला दुसरा मुलगा होणार आहे का? तू आशा धरू नकोस."

तो पुढं काही म्हणत होता, पण बस आली. तेनमोळीनं डोळे पुसले, चेहरा नीट केला आणि सॅक उचलली. आत्यानं चहा अर्धाच प्यायला होता. आज तिनं टोपली खिडकीतून टाकली नाही. दारातून चढली, आणि मिळाली त्या सीटवर खिडकीपाशी जाऊन बसली.

कडेला एक लठ्ठशी, हसऱ्या तोंडाची बाई आली. मांडीवर लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता, हळद लावलेल्या कोपऱ्यांचा. धाकट्या मुलाचं लग्न होतं, गावोगाव फिरून ती आमंत्रणं देत होती. तिनं आपलं सगळं सांगून टाकलं, मुलीकडची वाकडी माणसंसुद्धा, आणि मग तेनमोळीच्या गजऱ्याकडे बघून आत्याला विचारलं, "सून वाटतं?"

तेनमोळीनं समोरच्या दांडीवर हात ठेवला. आता काय असेल तो? कलेक्टर, की सैन्यात? काहीही असू दे, आपण मान डोलवायची, असं तिनं ठरवलं.

"नाही," आत्या म्हणाली. "भावाची मुलगी."

तेनमोळीनं मान वळवली. आत्या पुढं बघत होती.

"लग्न व्हायचंय?"

"ठरलंय. तै महिन्यात आहे, पोंगल झाला की. मुलगा कोइमतूरला असतो, वीज मंडळात. चांगला आहे."

"नात्यातला?"

"नाही. बाहेरचा."

पत्रिकावाल्या बाईनं हनुवटीला बोट लावलं. तिला हे पटण्यासारखं नव्हतंच. तिच्या गावात कुणालाच पटलं नसतं.

"सख्ख्या भावाची मुलगी, एवढी गुणाची, आणि बाहेर देताय? आपल्या घरात आणायची सोडून? हक्क होता की तुमचा. तुम्हाला मुलगा नाही का?"

बस वीराणम तलावाच्या बांधावर चढत होती. ड्रायव्हरनं गिअर बदलला तशी सगळी बस गचकली. आत्यानं सीटची कड धरली आणि बस सरळ झाल्यावरही सोडली नाही.

"नाही," ती म्हणाली. "मला मुलगा नाही."

"मुली?"

"मूलच नाही झालं."

"अरेरे." बाईचा चेहरा पडला. पत्रिकांवरचा हात उचलून तिनं आत्याच्या गुडघ्यावर ठेवला. "देवाची मर्जी, अक्का. काय करणार? भावाची पोरं ती आपलीच की."

"हो," आत्या म्हणाली. "आपलीच."

"असला असता मुलगा, तर हिलाच आणली असती तुम्ही."

"हिलाच आणली असती."

तेनमोळीला तिथंच ओरडून सांगावंसं वाटलं की ही खोटं बोलतेय, हिला मुलगा होता, माझा नवरा होता तो. पण बाईचा हात अजून आत्याच्या गुडघ्यावर होता. ती मांडीवरच्या सॅकला धरून बसून राहिली. बाईनं काही वेळ हळहळ केली, मग आत्याला आपली एक पत्रिका दिली, पत्ता कुठं आहे ते बोटानं दाखवलं, आणि काट्टुमन्नारकोविल आलं तशी गठ्ठा सांभाळत उतरून गेली.

बस तिथं पाच-दहा मिनिटं उभी होती. शेंगा विकणारा खिडकीशी येऊन गेला. आत्यानं पत्रिका उलटसुलट करून बघितली आणि टोपलीत ठेवली.

"गेल्या महिन्यात तुझा बाप आला होता ना, केळीचा घड घेऊन," ती म्हणाली. "जीभ उचलत नाही म्हणतो, आणि अर्ध्या तासात सगळं ओकून मोकळा झाला."

"तुला माहीत होतं?"

"मी त्याला तेव्हाच म्हटलं, दे. पण पोरीला सांगू नकोस मला कळलंय म्हणून. ती मला फिरायला नेतेय, तेवढं होऊ दे. एकदा कळलंय म्हटलं, की ती सून म्हणून कशी हिंडेल माझ्याबरोबर?" आत्यानं खिडकीच्या गजावर कपाळ टेकलं. "मला हिंडायचं होतं तसं. त्याची बायको म्हणून तुला बरोबर घेऊन. झालं हिंडून."

"आत्या, मी त्याला नाही म्हटलंय."

"ऐकलं मी. टपरीवर काय भिंती होत्या? चिदंबरमला उतरलीस की परत फोन कर, आणि नीट बोल त्याच्याशी. मला दुसरा मुलगा व्हायचा नाही हे खरंय. म्हणून काय तुला विहिरीत ढकलू?"

तेनमोळी रडायला लागली. आत्यानं तिची समजूत घातली नाही. ती खिडकीबाहेर बघत बसली, आणि तिचे खांदे मधून मधून हलत होते ते बसच्या इंजिनानं की कशानं, हे बघायची तेनमोळीला छाती झाली नाही.

कंडक्टरची शिट्टी झाली. रिकाम्या झालेल्या जागेवर एक वयस्क बाई येऊन बसली, हातात नवी पितळी कळशी, वर वर्तमानपत्र गुंडाळलेलं. बस गावाबाहेर पडेपर्यंत तिनं दम खाल्ला. मग दोघींकडे वाकून बघितलं.

"कुठवर?"

आत्या बोलली नाही. बाईनं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं, ऐकू येत नसेल असं समजून. आत्यानं मानसुद्धा वळवली नाही.

"चिदंबरम," तेनमोळी म्हणाली.

"ह्या कोण, आई?"

तेनमोळीनं ओढणीनं डोळे पुसले.

"माझ्या सासूबाई."

खिडकीच्या गजावरचं कपाळ किंचित हललं.

"बरं नाही का त्यांना?"

"बसून बसून कंटाळल्यात. तीन दिवस हिंडतोय आम्ही. त्यानं आणलंय."

"नवऱ्यानं? कुठंय मग तो?"

"चिदंबरमला. आदल्या गाडीनं पुढं गेलाय, लॉज बघायला."

"काय करतो?"

"शाळेत शिकवतो. भूगोल." तेनमोळी थांबली नाही. "सुट्टी लागली की त्याला घरात चैन पडत नाही. सॅक उचलायची आणि दिसेल ती बस धरायची. रेल्वेनं गावं मागनं दिसतात म्हणतो."

"आणि बसनं?"

"पुढनं."

बाईला हे फार आवडलं. ती हसली, कळशी मांडीवर फिरवून नीट धरली, आणि पुढं वाकून आत्यालाच विचारायला लागली, "या वयात तुम्हालाही एवढं फिरवतो म्हणजे कमाल आहे. सोसतं का तुम्हाला?"

आत्या खिडकीपासून वळली. चेहरा सगळा ओला होता, तो तिनं पुसला नाही.

"त्याला आवडतं," ती म्हणाली.

बाई आणखी काही विचारत होती. चिदंबरम अजून अर्धा तास लांब होतं.